वाटणीतला पहिला गडी

रंगा, यादी अजून माझ्या फ्रीजवरच आहे. कॅलेंडरच्या जून महिन्याचं पान उलटं करून मधोमध उभी रेघ मारलेली, डावीकडे तुझे गडी, उजवीकडे माझे. तुझ्या बाजूला पहिलं नाव बारक्याचं. ते मी माझ्या हातानं लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पान काढावं म्हणून रोज सकाळी हात वर जातो आणि दूध घेऊन परत येतो.

केतकी म्हणाली, "काका, मंडळाच्या अंकात बाबांवर तुमीच लिहा." तुझ्या लेकीचं मराठी अजून तसंच आहे. लायडनच्या प्रयोगशाळेत दिवसभर इंग्रजी आणि डच बोलते आणि मराठीत आली की थेट कोल्हापूरच्या पेठेतली होते, कारण ती भाषा तिनं फक्त तुझ्या तोंडून ऐकली. तू कुठं जन्मलास, इथं कधी आलास, विमानतळावर किती वर्षं माल चढवलास, हे तिनं वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. ते इथल्या मराठी मंडळाच्या अंकात चौकटीत येईल. मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि तू गेल्याला सहा आठवडे झाले तरी ती लिहायची मला भीती वाटते आहे. म्हणून आधी दुसरं लिहितो. तू म्हणायचास तसं, आधी पाय मोकळे करून घेतो.

मी पुण्याचा, क्रिकेटवाला. विमानतळाच्या कचेरीत विमानांच्या सुट्या भागांच्या नोंदी ठेवायचो. कुठल्या विमानाला कुठला भाग कधी बसवला, कुणी तपासला. एक नोंद चुकली तर विमान जागचं हलू देत नसत. तू खाली मालाच्या गाड्यांवर होतास. कँटीनमध्ये समोर येऊन बसलास आणि माझ्या हातातल्या पेपरमधल्या फोटोवर बोट ठेवून विचारलंस, "ह्यो गडी कशाला घेतलाय ह्यांनी?" नाव नाही, गाव नाही. मी फोटोखालचं वाचून दाखवलं. तेव्हापासून मी तुझा मास्तर. तुला डच बोलता यायचं, माझ्यापेक्षा बिनधास्त बोलायचास, पण वाचायचा तुला कंटाळा. त्यामुळे पेपर मी वाचायचा आणि मत तू द्यायचं, असं जे ठरलं ते पंचेचाळीस वर्षं चाललं.

आपल्या फुटबॉल क्लबनं उन्हाळ्यात घेतलेल्या एकाही गड्यावर तू कधी खूश झाला नाहीस. उंच स्ट्रायकर घेतला की म्हणायचास, गोल मारणारा कुणीबी घेतोय, पाठीमागं कोण हाय ते बघ. मोठ्या क्लबमधून कुणी आला की म्हणायचास, नाव बघून घेतलेला गडी दिवाळीपर्यंत टिकतोय. एका मोसमापुरता उसना आणलेला गडी तुझ्या मते भाड्याची सायकल, पुलाच्या चढाला चेन पडणार. मी पेपरातले आकडे वाचायला लागलो की तू कानावर हात ठेवायचास. तुझी परीक्षा एकच होती. बॉल मैदानाच्या पलीकडच्या कडेला असताना अलीकडचा गडी काय करतोय ते बघायचं. बॉलजवळ सगळीच शहाणी असत्यात, असं तुझं म्हणणं. चाळीस वर्षं स्टेडियममध्ये तुझ्याशेजारी बसून मी अर्धा खेळ बॉल नसलेल्या बाजूला बघितला, आणि कितीतरी गोल माझे हुकले.

तुमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे. तालमीत बाहेरचा गडी आणला तर पेठेतल्या बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, आमची पोरं मेली का? हे तू मला निदान शंभर वेळा सांगितलंस. आणि ते दुसरंही. एकोणीस वर्षांचा होतास, पलीकडच्या तालमीनं तुला फोडायला माणूस पाठवला. पण तू मारुतीसमोर नारळावर हात ठेवून आपल्या तालमीला शब्द दिलेला. मग तुझ्याच लोकांनी तुझ्या जागी दुसरा खेळवला आणि तू सगळा मोसम बाहेर बसलास. "शब्द दिलता, बसलो," एवढंच तू सांगायचास. मी दरवेळी म्हणायचो की हा मूर्खपणा झाला. तू दरवेळी म्हणायचास, मास्तर, तुला न्हाई कळायचं.

आणि आपली वाटणी. अंकात हे वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून लिहितो. जुलैच्या पहिल्या रविवारी, नवे-जुने सगळे गडी कागदावर मांडून, गल्लीतली पोरं वाटून घेतात तसे आपण क्लबचे गडी वाटून घ्यायचो. एक तुझा, एक माझा, एक तुझा. मोसमभर ज्याचे गडी बरे खेळतील तो जिंकला, हरला त्यानं मिसळ करायची. आपण दोघं राहायचो त्या विमानतळाशेजारच्या बाडहूव्हडॉर्पमध्ये, तुझ्या बाल्कनीत, डोक्यावरून विमानं जात असताना. विमान आलं की बोलणं थांबवायचं, गेलं की तोच शब्द पुढे चालू. गेली पाच-सहा वर्षं तुझा पहिला गडी ठरलेला. क्लबमध्येच वाढलेला, बुटका, डाव्या पायाचा लेफ्ट बॅक. आपल्यात त्याचं नाव बारक्या. मी पहिला स्ट्रायकर घ्यायचो आणि तू हसायचास. त्यातली तीन वर्षं मिसळ मी केली.

मग तुला तो अर्धांगवायूचा झटका आला. कोरोनाच्या आधीचा हिवाळा. उजवा हात मंद झाला आणि डच गेली. डॉक्टर म्हणाले, मागून शिकलेली भाषा अशी जाऊ शकते. इंग्रजी तर तुला जेमतेमच होती, तीही गेली. मराठी मात्र जशीच्या तशी, शिव्यांसकट. केतकी तुला लायडनला तिच्या घरी घेऊन गेली, आणि मी म्हटलं दर आठवड्याला येईन. दोनदा आलो. मग सगळं बंद झालं.

त्या दिवसांत मी किती घाबरलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. मी अठ्ठ्याहत्तरचा, एकटा राहणारा. विमानं थांबली आणि बाडहूव्हडॉर्पमध्ये पहिल्यांदा चिमण्या ऐकू आल्या. लोकांना त्याचं कौतुक, मी खिडकी लावून घ्यायचो. पेपर मी हातमोजे घालून उघडायचो. सकाळी दहाला तुला फोन लावून क्लबच्या बातम्या वाचायचो. डचमधून मराठीत, ओळीला ओळ. पण खरं म्हणजे मी तुझा श्वास ऐकायचो. तू खोकलास की माझी ओळ चुकायची. तू म्हणायचास, "काय वाचालास मास्तर, गडी मिडफिल्डला हाय म्हणालास, आता गोलकीपर कुठनं आला?"

लीग अर्धवट थांबवली होती, सगळ्या क्लबांची पंचाईत झालेली. त्यात आपल्या क्लबनं एक छत्तीस वर्षांचा गोलकीपर घेतला. त्यावर आपण पंधरा दिवस भांडलो. मी म्हणत होतो, घरचा तरुण मुलगा असताना म्हातारा कशाला? तू म्हणत होतास, म्हाताऱ्याला बॉल कुठं येणार ते आधी कळतंय, त्येला पळावं लागत न्हाई. ते भांडण तसंच राहिलं.

आणि जूनच्या शेवटी एक दिवस बातमी होती की बारक्या विकला गेला. परदेशी क्लबकडे. फोटोत त्याच्या हातात निळी जर्सी.

त्या सकाळी फोन तू उचलला नाहीस, केतकीनं उचलला. हळू आवाजात म्हणाली की बाबांना शर्टाची बटणं लावता आली नाहीत, ते रडले. मग तू आलास. "वाच," म्हणालास. मी पेपर बघितला आणि म्हटलं, बारक्याला परदेशातून मागणी होती, पण क्लबनं नाही म्हणून सांगितलं. तू म्हणालास, शाबास, पहिल्यांदा अक्कल दाखवली.

मी स्वतःला सांगितलं की ही दया आहे. रंगा, ती दया नव्हती. बातमी ऐकून तू गप्प बसला असतास, आणि फोनवर तुझं गप्प बसणं मला सहन होत नव्हतं. तू गप्प झालास की मला वाटायचं, संपलं. मी माझ्या भीतीला औषध दिलं आणि तुला खोटं पाजलं.

त्यानंतरच्या रविवारी आपण फोनवर वाटणी केली. तू म्हणालास, बारक्या माझा. मी लिहिलं. सप्टेंबरात सामने सुरू झाले, रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि बारक्या दिसेना तेव्हा मी त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला असं सांगितलं. सहा आठवडे विश्रांती. तू मला मांडीला कुठलं तेल लावायचं ते सांगितलंस, आणि ते क्लबला कळवायलाही सांगितलंस. मी हो म्हटलं.

खोट्याची सवय लागते, पण ती अशी लागते हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा बातमी बदलताना जीभ अडखळली होती. ऑक्टोबरपर्यंत ती अडखळत नव्हती.

ऑक्टोबरात तुझ्या हाउसआर्ट्सचा, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचा फोन येणार होता. कोरोना पुन्हा वाढत होता, आणि डॉक्टर आपल्या वयस्कर, अशक्त रुग्णांना एकेकाला विचारून ठेवत होता की हा आजार झालाच तर तुम्हाला काय हवं. तू केतकीला सांगितलंस की डॉक्टरशी बोलायला दुभाषा म्हणून मास्तरला घेतो. मला वेगळा फोन करून म्हणालास, पोरीसमोर हे बोलणं नको, तिचं तोंड बघून मला खरं बोलता येणार न्हाई. ती कामाला गेली असताना आपण दोघं आणि डॉक्टर फोनवर होतो.

डॉक्टर भला माणूस होता. सावकाश बोलला. म्हणाला, हॉस्पिटलमध्ये नेता येईल, गरज पडली तर श्वासाच्या यंत्रावर ठेवता येईल. पण या झटक्यानंतर तुमचं शरीर ते कितपत सोसेल हे सांगता येत नाही, आणि सोसलं तरी पुन्हा आत्ताइतकं चालता-बोलता होणं कठीण. काही लोक घरीच राहायचं ठरवतात, तेव्हा त्रास होऊ नये म्हणून मी रोज येतो. हे सगळं मी तुला नीट सांगितलं. तोपर्यंत मी एक शब्दही बदलला नव्हता. तू विचारलंस, "यंत्रावर गेलेला गडी परत मैदानात येतोय का, एवढं विचार त्येला." मी विचारलं. तो म्हणाला, तुमच्या बाबतीत, प्रामाणिकपणे सांगायचं तर, बहुधा नाही.

तू जे बोललास ते मी इथं तुझ्याच शब्दांत लिहितो. गेले कित्येक दिवस दुसरं काही माझ्या कानात नाही.

"मग सांग डॉक्टरला, मला न्हेऊ नका. केतकीच्या घरात खिडकीजवळ माझी खाट हाय, तिथंच असू दे. नळ्या नकोत. पोरीचा हात हातात असला की झालं. आणि तिला तू सांगू नको, मी सांगतो."

मी डचमध्ये म्हणालो, "त्यांना जगायचं आहे. जे जे करता येईल ते सगळं करा. हॉस्पिटल, यंत्र, सगळं."

डॉक्टर म्हणाला, "ते बरंच बोलले. एवढंच म्हणाले का?"

मी म्हणालो, "आमच्याकडे लोक लांबण लावून बोलतात."

रंगा, हे वाक्य मी माझ्या आख्ख्या मुलखाच्या नावावर खपवलं. तुझ्याइतकं मोजकं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. तुझी पाच वाक्यं होती आणि त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता. पण त्या डॉक्टरला ते कळणं शक्य नव्हतं, आणि त्याला कळणं शक्य नाही हे मला माहीत होतं.

तू मला विचारलंस, काय म्हणाला? मी सांगितलं, लिहून घेतलं म्हणाला. ते तेवढं खरं होतं.

का केलं? तुला मरू द्यायचं नव्हतं, असं म्हटलं तर चांगलं दिसतं. पण माझ्या मनात तेव्हा सकाळचे दहा होते. दहा वाजले आहेत, पेपर समोर आहे आणि फोन लावायला कुणी नाही, हे मला दिसलं. तुझी खाट, तुझी खिडकी, तुझी पोरगी, यांतलं काही दिसलं नाही.

तरी तू मला एक संधी दिलीस. चार-पाच दिवसांनी मी दहाचा फोन लावला तर तू आधीच हसत होतास. "मास्तर, बारक्याचा पाय बरा झाला वाटतंय. काल टीव्हीवर पळत होता. जर्सी निळी होती."

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

"मग वाटू दे की वाईट. माझ्या जागेवर तू कशाला खेळतोस?" तू रागावला नव्हतास. मग विचारलंस, "आणि काय लपवलंयस?"

मी म्हणालो, "काही नाही."

इथं मी सांगायला हवं होतं. डॉक्टरला परत फोन करायला दोन मिनिटं पुरली असती. मी पेपर उघडला आणि म्हाताऱ्या गोलकीपरची बातमी वाचायला लागलो.

केतकीला तू काही सांगितलं नाहीस. तिचं काम वाढलेलं, घरी येईपर्यंत अंधार व्हायचा. तू मला म्हणालास, रविवारी निवांत सांगतो. शुक्रवारी तुला ताप आला. कुठून आला ते कळलं नाही, ती दिवसभर कुणाकुणाबरोबर काम करायची, घरी तुझी थेरपिस्ट यायची, कुणाकडे बोट दाखवणार? सोमवारी दुपारी तुला धाप लागली आणि तिनं डॉक्टरला फोन केला. त्यानं नोंद बघितली. नोंदीत लिहिलं होतं, सगळे उपचार हवेत. त्यानं रुग्णवाहिका पाठवली. त्याचं काही चुकलं नाही. नोंद चुकीची होती आणि ती मी दिली होती. चाळीस वर्षं नोंदी ठेवलेल्या माणसानं.

पुढचं मला केतकीनं सांगितलं, तुझ्या अंत्यविधीनंतर, मोजकीच माणसं होती त्या हॉलच्या बाहेर उभं राहून. रुग्णवाहिकेची माणसं आत आली तेव्हा तू हात हलवून नको नको म्हणालास. त्यांना कळलं नाही. तिला वाटलं, तू घाबरलास. ती म्हणाली, "बाबा, तुमीच तर मास्तरकाकांकडनं डॉक्टरांना सांगितलंय, सगळं करा म्हणून. त्येनी लिहून ठेवलंय." तू तिच्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "मास्तरनं सांगितलं असेल तर बरोबर असेल." आणि खाटेवरून उठायला हात पुढे केलास.

हे सांगून तिनं मला विचारलं, "काका, त्यास्नी खरंच जायचं होतं का?"

मी म्हणालो, "हो."

तिच्या तोंडावर जे हलकं झालं ते मी बघितलं, आणि तेच माझ्या छातीवर येऊन बसलं.

हॉस्पिटलमध्ये सतरा दिवस. भेटायला रोज एकच माणूस, एकच तास, निळा झगा आणि हातमोजे घालून. शेवटी पोरीचा हात तुला मिळाला, पण हातमोज्यातून, आणि तेव्हा तू झोपेच्या औषधाखाली होतास. तुझं एवढंच मागणं होतं.

तुझ्या त्या वाक्याचा मी रोज विचार करतो. बारक्याचं कळल्यानंतर मी बातम्या बदलतो हे तुला ठाऊक होतं. म्हणजे त्या क्षणी तुला सगळं कळलं असणार. तू पोरीला सांगू शकला असतास की मास्तर खोटं बोलला. ती तुझं मराठी समजते. तिनं त्या माणसांना परत पाठवलं असतं. तू का नाही सांगितलंस? तिच्या डोक्यावर तो निर्णय नको म्हणून? की माझी लाज राखलीस? की मी दिलेला शब्द तुझ्या नावावर होता आणि शब्द दिल्यावर तू बाहेर बसणारा माणूस? मास्तर, तुला न्हाई कळायचं, असं तू म्हणशील. नाही कळलं. क्षमा केलीस असं समजून झोपायला मला आवडलं असतं, पण तसं समजायचा मला हक्क आहे का, याचीच भीती वाटते.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या डॉक्टरला फोन केला आणि खरं भाषांतर सांगितलं. शब्दाला शब्द, डचमध्ये. तो म्हणाला की मी पुन्हा विचारायला हवं होतं, घरचं कुणी बरोबर घेऊन. मी म्हटलं, तुमचा दोष नाही. तो म्हणाला, मी नोंद दुरुस्त करतो, पण मुलीला तुम्हाला सांगावं लागेल, ते मी सांगू शकत नाही.

म्हणून हे लिहिलं. पण इथं एक अडचण होती, रंगा, ती तुझ्या लक्षात आली असेल. केतकीला मराठी वाचता येत नाही. तू शिकवलंच नाहीस, तुला स्वतःला कंटाळा. म्हणजे हेही तिला वाचून दाखवावं लागणार होतं, आणि मलाच.

इथपर्यंत आधी लिहिलं होतं, पुढचं आज जोडतो. काल रविवारी ती सायकलवरून स्टेशनवर आणि पुढे ट्रेननं आली. माझ्यासाठी डब्यात मटकीची उसळ होती, तुझ्या पद्धतीची, तिखट. मागच्या अंगणात दोन खुर्च्या लांब लांब ठेवल्या. थंडी होती, तिनं गुडघ्यांवर पांघरूण घेतलं. मी म्हटलं, लेख झाला आहे, वाचतो. ती खूश झाली. कँटीनचं ऐकून हसली. नारळाची गोष्ट तिला पाठ होती, माझ्याबरोबर तिनंही ओठ हलवले. बारक्याच्या तेलाला तिला हसू आवरेना.

डॉक्टरच्या फोनचं पान आलं. तिला त्या अक्षरांतलं काही कळत नव्हतं. मी तिथून थेट गोलकीपरवर गेलो असतो तरी तिला कधीही कळलं नसतं. फोनवर तुझ्यासमोर जसं होतं तसंच. जीभ तयार होती. तिला सवय आहे.

मी वाचलं. तुझी पाच वाक्यं, मग माझी डच. मग लांबण लावून बोलतात ते. मग हॉलबाहेरचं माझं "हो." शेवटपर्यंत वाचलं आणि मान वर केली नाही.

डोक्यावरून एक विमान गेलं. हल्ली परत थोडी जातात. ते गेल्यावर ती म्हणाली, "बाबा काय म्हणले ते परत वाचा."

मी वाचलं. खिडकीजवळ माझी खाट हाय, इथं आल्यावर तिनं तोंडावर हात धरला. म्हणाली, "अजून एकदा." मी तिसऱ्यांदा वाचलं.

ती उठली. पांघरूण घडी करून खुर्चीवर ठेवलं. मी म्हटलं, हे छापायला देणार नाही, फाडून टाकतो. ती दारापर्यंत गेली होती. डबा तिनं परत नेला नाही, पुढच्या रविवारी येते असंही म्हणाली नाही. मागं न वळता म्हणाली,

"छापा. एक शब्दबी बदलू नका, काका."

फ्रीजवरच्या यादीतलं तुझं पहिलं नाव आज सकाळी मी खोडलं. तो म्हातारा गोलकीपर शनिवारी पुन्हा चांगला खेळला, तू बरोबर होतास. आणि हे सगळं तिच्यासमोर वाचलं तसंच छापायला दिलं आहे. रंगा, एकही शब्द बदललेला नाही.